मंगळावरील यंत्रप्रवासी

रस्त्याने गाडी हाकणाऱ्या माणसास समोर खड्डा दिसला म्हणजे तो तत्काळ गाडी थांबवितो किंवा बाजूस वळवितो. डोळ्यांनी पाहणे, मनाने जाणणे आणि हातापायांनी कृती करणे, या तिन्ही क्रिया एखाद्या सेकंदात आटोपतात. आता अशी कल्पना करा की, गाडी एका ग्रहावर आहे आणि तिचा सारथी दुसऱ्या ग्रहावर बसलेला आहे. गाडीवरील कॅमेऱ्याने खड्ड्याचे चित्र टिपले व रेडिओलहरींच्या द्वारे सारथ्याकडे धाडले. सारथ्याने ते पाहताक्षणी ‘थांब’ असा हुकूम सोडला. परंतु हुकूम पोहोचेपर्यंत गाडी त्या खड्ड्यात केव्हाच पडलेली असेल!

मंगळावर यंत्र चालविणाऱ्यांपुढील पहिली अडचण ही अशी आहे. पृथ्वी आणि मंगळ हे दोन्ही ग्रह सूर्याभोवती आपापल्या कक्षांतून फिरत असल्यामुळे त्यांच्यामधील अंतर सारखे बदलत असते. ते कमीत कमी सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर, तर जास्तीत जास्त सुमारे चाळीस कोटी किलोमीटर भरते. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर या वेगाने जातात. तरीही त्यांस हे अंतर तोडण्यास तीन ते बावीस मिनिटे लागतात. प्रश्न विचारून उत्तर मिळविण्यास अर्थातच याच्या दुप्पट वेळ हवा. प्रकाशाहून अधिक वेगाने संदेश धाडण्याचा उपाय निसर्गात नाही. तेव्हा या अडचणीवर मात करावयाची म्हणजे यंत्रासच थोडीशी दृष्टी आणि थोडासा विचार देणे भाग आहे.

परग्रहाच्या भूमीवर फिरणाऱ्या अशा यंत्रास ‘रोव्हर’ म्हणतात. मराठीत त्यास भ्रमणयान असे नाव रूढ होत आहे. ही भ्रमणयाने कशी चालतात आणि त्यांपासून आपणांस काय ज्ञान मिळते, हे ‘स्पिरिट’ नावाच्या एका भ्रमणयानाच्या हकीकतीवरून या लेखात पाहावयाचे आहे.

चंद्रावरील पूर्वज

परक्या भूमीवर चाक फिरले ते प्रथम चंद्रावर. १७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाचे ‘लुनोखोद-१’ हे आठ चाकांचे वाहन चंद्रावर उतरले आणि पुढील दहा महिन्यांत साडेदहा किलोमीटर फिरले. पाच जणांची एक तुकडी पृथ्वीवर पडद्यासमोर बसून त्याचे सारथ्य करीत असे. चंद्र जवळ आहे. तेथे संदेश पोहोचण्यास सव्वा सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. त्यामुळे अत्यंत सावधपणे का होईना, वाहन थेट हाकणे शक्य झाले.

मंगळाच्या बाबतीत ही सवलत नव्हती. १९७१ साली सोव्हिएत संघाच्या ‘मार्स-३’ या यानाने एक लहानसे यंत्र मंगळावर नेले होते. तारेने यानास बांधलेले हे यंत्र सरकपट्ट्यांवर चालावयाचे होते. परंतु यान उतरल्यावर अवघ्या काही सेकंदांत त्याचा आवाज बंद झाला आणि त्या यंत्रास पाऊल टाकण्याची संधीच मिळाली नाही. पुढे ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेच्या ‘पाथफाइंडर’ यानातून ‘सोजर्नर’ हे सुमारे साडेदहा किलो वजनाचे भ्रमणयान मंगळावर गेले. ते आपल्या मूळ यानाच्या आसपास सुमारे शंभर मीटर हिंडले. मंगळावर चाके चालू शकतात एवढे त्याने सिद्ध केले. खरा प्रवास अजून व्हावयाचा होता.

यंत्राची घडण

२००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने दोन जुळी भ्रमणयाने मंगळाकडे पाठविली. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या प्रयोगशाळेत ती तयार झाली होती आणि कॉर्नेल विद्यापीठाचे स्टीव्ह स्क्वायर्स हे त्यांच्या वैज्ञानिक कार्याचे प्रमुख होते. शाळकरी मुलांच्या निबंधस्पर्धेत नऊ वर्षांच्या एका मुलीने सुचविलेली ‘स्पिरिट’ व ‘ऑपॉर्च्युनिटी’, म्हणजे चैतन्य आणि संधी, ही नावे त्यांस देण्यात आली.

प्रत्येक यानाचे वजन सुमारे १८० किलो होते. त्यास सहा चाके होती आणि प्रत्येक चाकास स्वतंत्र मोटर होती. चाके दांड्यांच्या अशा जोडणीवर बसविलेली होती की, एक चाक दगडावर चढले तरी उरलेली पाच जमिनीस टेकून राहावीत आणि यानाचे अंग फारसे कलू नये. उभ्या खांबावर, साधारण माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर, कॅमेरे होते. पुढे एक यांत्रिक हात होता. त्याच्या टोकास दगड खरवडण्याचे हत्यार, सूक्ष्म चित्रे घेणारा कॅमेरा आणि दगडातील द्रव्ये ओळखणारी दोन उपकरणे होती.

पाठीवरील सौरपट्ट्या सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करीत. पट्ट्या स्वच्छ असताना त्यांतून दिवसाकाठी मिळणारी वीज शंभर वॅटचा एक दिवा नऊ तास जाळण्यास पुरेल इतकीच होती. तेवढ्यातच चालणे, पाहणे, मोजणे आणि घरी संदेश पाठविणे हे सर्व भागवावे लागे. रात्री तेथील तापमान शून्याखाली ९० अंश सेल्सियसपर्यंत उतरते. या थंडीत यंत्राचे अंतरंग गोठून निकामी होऊ नये म्हणून त्यास उष्णतारोधक आवरण घातले होते आणि प्लुटोनियमच्या ऊबेवर चालणाऱ्या आठ लहान शेगड्या आत ठेवल्या होत्या. यंत्राचे आयुष्य नव्वद मंगळ-दिवस धरलेले होते आणि तेवढ्या मुदतीत ते सुमारे सहाशे मीटर चालावे अशी अपेक्षा होती.

एका दिवसाचे चालणे

मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो. त्यास शास्त्रज्ञ ‘सोल’ म्हणतात. पहिले काही महिने पॅसाडिना येथील मंडळी मंगळाच्या घड्याळाप्रमाणे जगत होती. कामावर येण्याची त्यांची वेळ रोज चाळीस मिनिटांनी पुढे सरके. आज सकाळी येणारा माणूस अडीच आठवड्यांनी रात्री कामावर येई.

दिवसाचा क्रम असा असे. मंगळावर दुपार टळली म्हणजे यान आपली चित्रे व मोजमापे पाठवी. बहुतेक वेळा ती मंगळाभोवती फिरणाऱ्या एखाद्या उपग्रहामार्फत पृथ्वीवर येत. मग यान झोपी जाई आणि पृथ्वीवर काम सुरू होई. दोन कॅमेऱ्यांनी थोड्या वेगळ्या जागांवरून घेतलेली चित्रे ताडून, आपले दोन डोळे करतात त्याप्रमाणे, समोरचा प्रत्येक दगड किती दूर व किती उंच आहे हे काढीत. भूशास्त्रज्ञ म्हणत, तो दगड पाहू या. यंत्रज्ञ म्हणत, तिकडे उतार फार आहे. वाद होत, तडजोडी होत, आणि शेवटी दुसऱ्या दिवसाच्या हुकमांची यादी तयार होई. मंगळावर सूर्य वर आला की ती यादी यानास मिळे. त्यानंतर यान स्वतःच्या बळावर चालू लागे.

सपाट जमिनीवर त्याचा जास्तीत जास्त वेग सेकंदास पाच सेंटिमीटर होता. सावकाश चालणारा माणूससुद्धा तेवढ्या वेळात एक मीटर जातो. अनोळखी भूमीवर तर यान दहा सेकंद चाले आणि वीस सेकंद थांबून पुढची जमीन पाही. वाट धोक्याची वाटली तर वळसा घेई, किंवा जागीच थांबून हुकमाची प्रतीक्षा करी.

येथे एक सूक्ष्म अडचण होती. चाकाचे फेरे मोजून गाडी किती पुढे गेली हे सांगता येते. पण ते चाक घसरत नसेल तरच. चिखलात रुतलेल्या बैलगाडीचे चाक फिरत राहते आणि गाडी तेथल्या तेथेच असते. मंगळावरील वाळूच्या उतारावर हेच घडे. म्हणून यान आधीच्या व नंतरच्या चित्रांतील तेच ते दगड शोधून काढी आणि ते किती सरकलेले दिसतात यावरून आपण खरोखर किती चाललो हे ठरवी.

अपेक्षाभंग आणि टेकड्या

४ जानेवारी २००४ रोजी स्पिरिट ‘गुसेव्ह’ नावाच्या विवरात उतरले. सुमारे १६० किलोमीटर रुंदीच्या या विवरास एक प्रचंड कोरडी दरी येऊन मिळते. एके काळी त्या दरीतून पाणी वाहत आले असेल व विवरात सरोवर झाले असेल, असा तर्क होता. त्या सरोवराचा गाळ शोधावा आणि मंगळ कधी काळी जीवनास अनुकूल होता काय याचा अंदाज घ्यावा, हा हेतू होता.

प्रारंभीच संकट आले. २१ जानेवारीस यान एकाएकी अबोल झाले. त्याच्या संगणकाच्या स्मृतिकोशात फायलींची इतकी दाटी झाली होती की, संगणक पुनःपुन्हा बंद पडून नव्याने सुरू होत होता आणि यानास रात्री झोपही लागत नव्हती. स्मृतिकोशाकडे न वळता जागे व्हावे, असा हुकूम यंत्रज्ञांनी दिला, जुन्या फायली पुसल्या आणि फेब्रुवारीच्या आरंभी यान पूर्ववत कामास लागले.

पुढची निराशा अधिक खोल होती. गाळाचा पत्ता नव्हता. सभोवती पसरले होते ते ज्वालामुखीतून निघालेल्या लाव्ह्याचे दगड. दख्खनच्या पठारावर जो काळा बेसाल्ट दिसतो त्याच जातीचे. सरोवर झाले असलेच तर त्याचा तळ या लाव्ह्याखाली गाडला गेला होता. क्षितिजावर, अडीच किलोमीटरांच्या आसपास, काही टेकड्या दिसत होत्या. त्या लाव्ह्याहून जुन्या असाव्यात. पण जे यंत्र सहाशे मीटर चालण्यासाठी घडविलेले, ते तेथवर कसे पोहोचणार? तरीही त्याच दिशेने निघावयाचे ठरले.

त्या टेकड्यांस ‘कोलंबिया’ हे नाव देण्यात आले होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयानाच्या अपघातात ज्या सात जणांचा अंत झाला, त्यांच्या नावाची एकेक टेकडी तेथे आहे. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्या नावाचीही एक टेकडी त्यांत आहे.

जून २००४ मध्ये, ठरलेले आयुष्य संपून गेल्यावर, स्पिरिट टेकड्यांच्या पायथ्याशी पोहोचले. तेथे मात्र पाण्याने बदललेले दगड मिळू लागले. सौरपट्ट्यांवर धूळ साचत होती आणि वीज घटत चालली होती; परंतु मार्च २००५ मध्ये वाऱ्याच्या झोताने ती धूळ झाडून टाकली व यानास नवी शक्ती आली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते ‘हसबंड’ टेकडीच्या माथ्यावर उभे होते.

लंगडे चाक

मार्च २००६ मध्ये स्पिरिटच्या पुढच्या उजव्या चाकाची मोटर कायमची बंद पडली. मंगळाच्या दक्षिण गोलार्धात हिवाळा तोंडावर होता. त्या दिवसांत सूर्य उत्तरेकडे खाली असतो. उत्तरेस कललेल्या उतारावर पोहोचून सौरपट्ट्या सूर्यासन्मुख ठेवल्या नाहीत तर विजेअभावी यान मरावयाचे. यासाठी ‘मकूल’ नावाची टेकडी निवडलेली होती. न फिरणारे चाक पुढे ढकलण्यापेक्षा मागे ओढणे सोपे, म्हणून यंत्रज्ञांनी यान उलटे चालविण्यास आरंभ केला. तरी वाळूची चढण त्यास जमेना. अखेर मकूल टेकडीचा नाद सोडून जवळच्याच एका लहान कड्याच्या उतारावर यानाने हिवाळा काढला. हे ठिकाण ‘होम प्लेट’ नावाच्या सपाट उंचवट्याजवळ होते. वसंत आल्यावर लंगडे यान त्याच परिसरात हिंडू लागले.

निर्जीव चाक जाईल तेथे जमिनीत चर पाडीत जाई. नांगराच्या फाळाप्रमाणे ते वरची लाल धूळ बाजूस सारी आणि खालची माती उघडी करी. २००७ मध्ये एका चरात झगझगीत पांढरी माती दिसली. यानावरील अवरक्त किरणांच्या उपकरणाने संशय उत्पन्न केला. मग यान वळवून हातावरील उपकरण त्या मातीवर टेकविण्यात आले. उत्तर आले की, तीत सुमारे ९० टक्के सिलिका आहे.

सिलिका हे काही दुर्मीळ द्रव्य नव्हे. आपली वाळू बव्हंशी त्याचीच असते. परंतु येथील सिलिका वाळूसारखी स्फटिकमय नव्हती आणि इतकी शुद्ध सिलिका लाव्ह्याच्या प्रदेशात आपोआप जमत नाही. ती जमण्याचे मुख्य मार्ग दोन. ऊन पाण्याचे झरे खडकातील सिलिका विरघळवून वर आणतात आणि पाणी निवाले की ती मागे ठेवतात. किंवा जमिनीतून निघणारी आम्लयुक्त वाफ खडकातील इतर द्रव्ये धुऊन नेते व सिलिका तेवढी शिल्लक राहते. मार्ग कोणताही घ्या, त्यास उष्णता हवी आणि पाणी हवे. हिमाचल प्रदेशातील मणिकर्ण किंवा लडाखमधील पुगा येथील ऊन झरे ज्यांनी पाहिले असतील त्यांस अशा स्थळाची कल्पना करता येईल. पृथ्वीवर असल्या पाण्यातही सूक्ष्म जीव वस्ती करून राहतात. म्हणून जीवसृष्टीच्या दृष्टीने गुसेव्ह विवरातील ही मूठभर पांढरी माती आजवरच्या साऱ्या बेसाल्टाहून मोलाची ठरली.

चाक फिरते असते तर यान कदाचित मकूल टेकडीवर गेले असते आणि ही माती धुळीखाली झाकलेलीच राहिली असती. तथापि हे श्रेय केवळ दैवास देता येणार नाही. चर तर यानामागे रोजच पडत होता. त्याकडे वळून पाहणारे, त्यातील रंगाचा फरक टिपणारे आणि मोजमाप होईपर्यंत पुढे न जाणारे लोक पृथ्वीवर जागे होते, म्हणून अपघाताचा शोध झाला.

अखेरचा मुक्काम

२००९ च्या वसंतात होम प्लेटच्या कडेने जात असता वरवर घट्ट दिसणारा मातीचा पापुद्रा फुटला आणि स्पिरिटची चाके खालच्या भुसभुशीत मातीत रुतली. प्रयोगशाळेत वाळूचा हौद तयार करून त्यात तसलेच दुसरे यान रुतविण्यात आले आणि ते बाहेर काढण्याचे उपाय अनेक महिने पडताळून पाहण्यात आले. परंतु नोव्हेंबरात प्रत्यक्ष प्रयत्न सुरू झाल्यावर मागचे उजवे चाकही निकामी झाले. जानेवारी २०१० मध्ये स्पिरिट यापुढे चालू शकणार नाही असे जाहीर करण्यात आले. या मुक्कामीसुद्धा त्याने काम केले. फुटलेल्या पापुद्र्याखालील गंधकयुक्त क्षारांचे थर मोजल्यावर तेथे पाण्याचा ओलावा झिरपला असावा असे दिसून आले. पण यान सूर्यासन्मुख कलविता आले नाही. त्याचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला. हिवाळा सरल्यावरही वर्षभर हाका मारल्या गेल्या. २५ मे २०११ रोजी त्या थांबविण्यात आल्या. नव्वद दिवसांच्या यंत्राने सहा वर्षांहून अधिक काळ सेवा केली आणि ७.७३ किलोमीटर वाट चालली.

त्याचे जुळे भावंड ऑपॉर्च्युनिटी मंगळाच्या दुसऱ्या बाजूस उतरले होते. त्यास पहिल्याच विवरात पाण्यात घडलेले खडक सापडले. २००५ साली तेही वाळूत पाच आठवडे अडकले होते, परंतु सुटले. एकंदर ४५.१६ किलोमीटर चालून, जून २०१८ मधील ग्रहव्यापी धुळीच्या वादळात ते अबोल झाले.

पुढील वाटचाल

त्यानंतरच्या यंत्रांनी या अनुभवाचा लाभ घेतला. २०१२ साली उतरलेले ‘क्युरिऑसिटी’ आणि २०२१ साली उतरलेले ‘पर्सिव्हरन्स’ ही भ्रमणयाने सूर्यावर विसंबत नाहीत; प्लुटोनियमच्या उष्णतेपासून ती वीज मिळवितात. स्पिरिट थांबून विचार करी. पर्सिव्हरन्स चालता चालता वाट शोधते. २०२१ मध्येच चीनचे ‘झूरोंग’ मंगळावर फिरले. मे २०२२ मध्ये हिवाळ्यासाठी झोपविल्यावर मात्र ते पुन्हा जागे झाले नाही.

आपल्या देशानेही या विद्येत प्रवेश केला आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले आणि त्यातून ‘प्रज्ञान’ हे २६ किलो वजनाचे, सहा चाकांचे भ्रमणयान बाहेर आले. काही दिवसांतच त्यास तीन मीटरांवर चार मीटर रुंदीचे विवर आडवे आले. इस्रोच्या मंडळींनी ते चित्रात पाहून यान मागे फिरविले व नव्या वाटेने नेले. सुमारे शंभर मीटरांच्या प्रवासात प्रज्ञानने चंद्राच्या मातीत गंधक असल्याचे प्रत्यक्ष मोजून दाखविले.

स्पिरिटने उघड्या केलेल्या सिलिकेचा प्रश्न मात्र अद्याप मिटलेला नाही. २०१६ साली स्टीव्हन रफ आणि जॅक फार्मर या संशोधकांनी दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, चार हजार मीटरांहून उंचावरील ‘एल तातिओ’ येथील ऊन झऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तेथील सिलिकेस बोटांसारखे बारीक फाटे फुटलेले आहेत आणि गुसेव्ह विवरातील सिलिकेचे आकार त्यांसारखेच दिसतात. एल तातिओ येथील आकार घडविण्यात सूक्ष्म जीवांचा हात आहे. यावरून मंगळावरही जीव होते असे सिद्ध होत नाही. कारण निर्जीव प्रक्रियांनीही असे आकार बनणे शक्य आहे, हे त्या संशोधकांनीच नमूद केले आहे. खरा निर्णय, तेथील एखादा तुकडा पृथ्वीवरील प्रयोगशाळेत तपासला जाईल तेव्हाच लागू शकेल. ज्या जागेतून तो तुकडा उचलावयाचा ती जागा आज आपणांस ठाऊक आहे. पाच चाकांवर उलटे चालणाऱ्या एका यंत्राने ती दाखवून ठेवली आहे.